पहिला ऑफ-अ‍ॅक्सिस कुठला घ्यावा, कॉर्क ७२० की रोडिओ ५४०?

लालबाग_ते_लिफ्ट

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे, सांभाळून घ्या. मी लालबागचा, शिकायला इन्सब्रुकला होतो तेव्हा स्कीइंगचं वेड लागलं, आता परत मुंबईत, ऑफिस लोअर परळला आणि डोकं नॉर्डकेटेवर (इन्सब्रुकचा स्कीइंगचा डोंगर) अशी गत आहे. मार्चमध्ये रजा मंजूर झालीय (बॉसला घरचं कार्य सांगितलंय, कोणी ओळखीचं वाचत असेल तर कृपया गप्प बसा) आणि यावेळी एकच गोष्ट करायचीय, पहिला ऑफ-अ‍ॅक्सिस स्पिन, म्हणजे हवेत सरळ उभ्याने नाही, तिरकं होऊन फिरायचं.

सध्या काय येतं ते सांगतो. ३६० (हवेत एक पूर्ण वळसा, आकडे अंशांचे) दोन्ही बाजूंनी येतो, डावीकडचा सेफ्टी ग्रॅबसकट, म्हणजे हवेत हाताने स्की पकडून. डावा ५४० बसतो, स्विच, म्हणजे उलट्या तोंडाने, उतरायची भीती गेलीय. सरळ ७२० मात्र अर्धवट, म्हणजे ६३० लाच स्की टेकतात आणि उरलेलं मी बर्फावर घासत पूर्ण करतो आणि वर लिफ्टमधून बघणाऱ्यांना हात करतो. मागची कोलांटउडी (बॅकफ्लिप) येते, पण स्कीवर कधी मारलेली नाही, जुहूच्या वाळूत मारतो आणि कोणी लग्नात फारच आग्रह केला तर तिथे. शाळेत असताना शिवाजी पार्कला मल्लखांब करायचो, दहावीचे क्लास लागले आणि सुटला तो सुटलाच.

तिकडच्या मित्रांमध्ये दोन पार्ट्या पडल्यात. एक पार्टी म्हणते कॉर्क ७ (तिरका ७२०), कारण ३६० आणि ७२० च्या पुढचीच पायरी आहे आणि शेवटी पुढे तोंड करून उतरतोस. दुसरी म्हणते रोडिओ ५ (म्हणजे ५४०), कारण बॅकफ्लिप आहेच, त्यात अर्धा वळसा घातला की झालं. एक येडा मिस्टी म्हणतोय, म्हणजे खांद्यावरून पुढे झेपावायचं, त्याला मी रिप्लायच दिला नाही.

तर कुठला आधी? आणि आत्तापासून मार्चपर्यंत मुंबईत, जिथे बर्फ म्हणजे फक्त गोळ्याचा, तिथे काय तयारी होऊ शकते?


चुनाभट्टी_एक्सप्रेस

कुर्ल्याच्या मॉलमध्ये आहे की बर्फ, टोपी घालून जा 😂


लालबाग_ते_लिफ्ट

भावा तिकडे घसरगुंडी आहे, किकर (उडी मारायचा बर्फाचा उंचवटा) नाही. आणि ३६० मारला तर सिक्युरिटीवाला बाहेर काढेल.


किकरवाली_ठाणे

न्यूझीलंडला कार्ड्रोनाला स्की पार्कमध्ये (उड्या मारायचा उतार) शिकवलंय, आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये बसून जुने व्हिडिओ बघते. माझं मत कॉर्क ७. पण त्याच्या आधी तुझ्या त्या ६३० बद्दल बोलू कारण खरी गोम तिथेच आहे.

६३० ला टेकतोस म्हणजे दोनपैकी एक. एकतर किकरच्या टोकाला पोचायच्या आधीच खांदे फिरवायला लागतोस, मग स्की आडव्या घासतात, कडेची पकड जाते आणि पॉप, म्हणजे टोकावरची वर उसळी, मिळतच नाही. नाहीतर पॉप बरा आहे पण हवेत लांबच्या लांब उभा राहतोस, गुडघे वर घेत नाहीस, म्हणून वेग कमी पडतो. व्हिडिओ असेल तर टोकावरच्या फ्रेमला थांबव आणि जॅकेटची चेन कुठे बघतेय ते बघ. तिथेच डावीकडे वळलेली दिसली तर पहिलं कारण.

हे एवढं ताणून सांगतेय कारण हवेत गेल्यावर नवीन फिरकी तयार करता येत नाही. टोकावर जेवढं अँग्युलर मोमेंटम घेतलं तेवढंच शेवटपर्यंत, नंतर अंग आखडून जोरात फिरायचं किंवा उघडून संथ व्हायचं, एवढंच तुझ्या हातात. अक्ष पण बराचसा तिथेच ठरतो. लोक म्हणतात ना की कॉर्क ७ सरळ ७ पेक्षा सोपा, ते अर्धं खरं आहे, तिरकं झालं की माणूस आपोआप आखडतो, स्की हाताशी येते, नजर लँडिंगवर लवकर जाते. पण लवकर फिरायची सवय तशीच ठेवून कॉर्कला गेलास तर तिरकेपणा पण लवकर येणार, म्हणजे किकरवरच मागे झुकशील, वजन टेलवर (स्कीच्या मागच्या टोकावर), स्की पायाखालून पुढे निसटणार आणि तू पाठीवर. पहिल्या कॉर्कला लोक पडतात ते बहुतेक असेच पडतात, जास्त तिरकं झाल्यामुळे नाही.

डावा कॉर्क ७ असा. टोकाकडे येताना डाव्या वळणाचा हलका कार्व्ह, कडा रुतलेल्या हव्यात, खांदे जरासे उजवीकडे गुंडाळलेले, नडगी बुटाच्या टंगला टेकलेली. टोकाला सरळ वर उभं राहायचं, हिप्स पुढे. त्याच क्षणी नजर डाव्या खांद्यावरून मागे आणि वर, डावा खांदा मागे-खाली सोडायचा, उजवा हात छातीवरून त्याच्या मागोमाग जाऊ दे. बस, याच्यापेक्षा जास्त जोर नको, जोर लावून फेकलं की सगळं आधी होतं. मग गुडघे पोटाशी आणि उजव्या हाताने उजव्या स्कीची बाहेरची कड बुटाखाली पकड, सेफ्टी येतोच तुला. मध्ये थोडा वेळ नुसतं आकाश दिसेल, तेव्हा मान तशीच वळलेली राहू दे, दुसऱ्या वळशात त्याच डाव्या खांद्यावरून लँडिंग दिसायला लागतं. दिसलं की ग्रॅब सोड, अंग उघड, पाय खाली.

आणि अर्ध्यात घाबरून उघडायचं नाही. सरळ ३६० मध्ये मध्येच उघडलं तर फार फार तर आडवा उतरशील, तिरक्यात मध्येच उघडलं तर त्या वेळी डोकं खाली असू शकतं. टोकावरून निघालास की पूर्ण करायचं, आणि मन खात असेल तर इनरनमध्येच (किकरकडे येतानाच) बाजूला हो, कोणी हसत नाही.

किकर मीडियम लाइनचा घे, साधारण ८ ते १० मीटरचं टेबल (किकर आणि उतरायच्या उताराच्या मधला सपाट भाग), टोक जरा उभं, वर उडवणारं. छोट्यावर सेफ वाटतं पण वेळच मिळत नाही, पायाखाली जमीन येते तेव्हा तू अजून आडवाच असतोस. मार्चमध्ये सकाळी सगळं रात्रीचं गोठलेलं, कडक असतं, दुपारी ऊन लागून मऊ होतं तेव्हा कर. फक्त मऊ बर्फात स्पीड पण मरतो, म्हणून आधी एक साधी उडी मारून स्पीड बघून घे, नाहीतर नकलवर आदळशील, म्हणजे टेबल संपून उतार सुरू होतो त्या कडेवर, आणि तिथे गुडघ्यांची वाट लागते.

त्याच्याही आधी एक दिवस काढून स्वित्झर्लंडला लाक्सच्या फ्रीस्टाइल अकॅडमीत जाऊन ये, हॉलमध्ये ट्रॅम्पोलिन आहेत, फोम पिट (फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा) आहे. फोममध्ये कसंही पडलं तरी चालतं त्यामुळे भीती जाते, पण उतरणं तिथे शिकता येत नाही, मी म्हणते म्हणून नाही, खरंच नाही, म्हणून मध्ये कुठेतरी उताराची एअरबॅग (उतरायला हवा भरलेली मोठी गादी) मिळाली तर सोडू नकोस.


दादर_बॅकफ्लिप

वरचं सगळं मान्य, पण निष्कर्षाला विरोध. याचं अंग मागे जायला तयार आहे, मग त्याला कॉर्क कशाला? रोडिओ ५ म्हणजे बॅकफ्लिप आणि त्यात १८०, मध्ये डोकं खाली असताना लँडिंग डोळ्यासमोर असतं, आणि शेवटी स्विच उतरायचंय तर तो म्हणतोय स्विचची भीती गेलीय. कॉर्कमध्ये लोकांना आपण किती तिरके झालो हेच कळत नाही, व्हिडिओ बघितल्यावर कळतं की ती साधी ७२० होती आणि खांदा जरा वाकडा होता. रोडिओमध्ये असला संशय नसतो, झाला किंवा नाही झाला.

आणि मुळात कॉर्कला एवढा भाव का आला त्याची पण गंमत आहे. पाय डोक्याच्या वर गेले की इन्व्हर्टेड, आणि मोगल्समध्ये (उंचवट्यांच्या उतारावरची स्की स्पर्धा) इन्व्हर्टेडला बंदी होती. २००२ ला सॉल्ट लेकच्या ऑलिम्पिकला अमेरिकेच्या जॉनी मोझलीने डिनर रोल मारला, आडवं पडून ७२०, पण पाय डोक्याच्या वर न नेता, म्हणजे नियमाच्या कडेवरून चालत. पब्लिक वेडं झालं, मेडल नाही मिळालं, चौथा आला. त्याच माणसाला १९९८ ला नागानोला गोल्ड होतं, साध्या ३६० वर म्यूट ग्रॅब. पुढे बंदी उठली. नंतर स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे उड्यांचे स्पर्धाप्रकार २०१४ ला सोचीपासून ऑलिम्पिकमध्ये आलं, बिग एअर २०२२ ला, आणि तिथे चीनच्या आयलीन गूने शेवटच्या रनला डबल कॉर्क १६२० (दोनदा तिरकं होत साडेचार वळसे) उतरवून गोल्ड नेलं. वीस वर्षांत कुठून कुठे.

असो, विषयांतर झालं. माझं मत रोडिओ.


किकरवाली_ठाणे

विषयांतर आवडलं, निष्कर्ष नाही. वाळूतली बॅकफ्लिप उभ्याने मारलेली आहे. किकरवर तू ताशी ३०-४० ने पुढे चाललेला असतोस, टोक स्वतःच तुला मागे लोटत असतं, त्यावर तू सवयीने मागे झोकून दिलंस तर दीड कोलांटी होते. मी बघितलंय हे, बघवत नाही. हा माणूस ६३० वर घासतोय, याला टोकावर थांबायला शिकायचंय, आणि ते कॉर्क शिकवतो.


पार्कातला_खांब

मी मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक शिकवतो. बर्फ मी कोळणीच्या टोपलीतच बघितलाय त्यामुळे कॉर्क की रोडिओ ह्या भांडणात पडत नाही. पण दोघं जे बोलताय त्यातलं अर्धं आम्ही रोज पोरांना ओरडून सांगतो म्हणून लिहितो.

बाळा, तुझी वाळूतली उडी मी न बघता सांगतो, तू मान मागे टाकून मारतोस. न शिकता आलेली बहुतेकांची तशीच असते. मान टाकली की उंची गेली, सगळा जोर मागे जातो. आधी वर जायचं, हात कानाशी, छाती उघडी, नजर समोर, आणि मग पाय डोक्यावरून आणायचे. ही बाई हिप्स पुढे म्हणतात ते हेच आहे. आधी उंची, मग गिरकी, हा क्रम आमच्याकडे पण बदलत नाही.

दुसरं, कोलांटीत वळसा घालायचा तर तो पायाने नाही घालायचा. सरळ कोलांटी सुरू झाली की दोन्ही हात वर, त्यातला एक बाजूने खाली आणायचा, अंग त्याच्याबरोबर थोडं कलतं आणि वळसा आपोआप येतो. कुठला हात खाली आणला की अंग कुठे जातं हे पोरांना ट्रॅम्पोलिनवर बेल्ट बांधून दाखवावं लागतं, तोंडाने सांगून कोणाला कळलेलं नाही. तुला पण कळणार नाही, म्हणून एखाद्या जिम्नॅस्टिकच्या क्लासला जा जिथे बेल्ट आहे, जाड मॅट आहे आणि मास्तर आहे. मॉलमधल्या ट्रॅम्पोलिन पार्कात बारक्या पोरांच्या गर्दीत हे करू नकोस, बऱ्याच ठिकाणी कोलांटीला मनाईच असते आणि बरोबरच आहे.

ट्रॅम्पोलिनवर वेळ भरपूर मिळतो हे लक्षात घे. १ मीटर वर उडालास तरी ०.९ सेकंद हवेत असतोस. रोज पाठीवर पडायची उडी आणि त्यातून अर्धा वळसा घेऊन पोटावर, मग उभ्याने खांदा टाकून गिरकी आणि पाठीवर, हे डावीकडे दोन आठवडे घोट. पोहता येत असेल तर डायव्हिंग बोर्ड पण चांगला, पण १ मीटरचा, ३ मीटरवरून नुसता पडलास तरी पाण्याला ताशी २८ किलोमीटरने लागतोस आणि पाठ लाल होते. तलावावर आधी विचार, सगळीकडे बोर्ड वापरू देत नाहीत.

आणि दहावीला सुटलेला मल्लखांब परत धर, दोरीवरचा तरी. उलटं असताना आपला पाय कुठे आहे हे न बघता कळणं, ते तिथे फुकटात मिळतं.


लालबाग_ते_लिफ्ट

सर, मान मागे टाकतो हे खरं आहे, बहिणीने काढलेला व्हिडिओ बघितला आत्ता, ती अजून हसतेय.

किकरवाली ताई, टोकावरची फ्रेम पण बघितली. चेन डावीकडेच आहे, आणि नुसती डावीकडे नाही, पार झाडांकडे. म्हणजे ६३० चं कारण सापडलं म्हणायचं.

एक विचार डोक्यात आलाय, शिव्या घालू नका. जानेवारीत गुलमर्गला जायचं चाललंय मित्रांबरोबर, पावडर (ताजा भुसभुशीत बर्फ) असेलच, तिथे फावड्याने किकर बांधून मऊ बर्फात रोडिओ ट्राय केला तर? एअरबॅगची गरजच काय मग?


किकरवाली_ठाणे

शिव्या नाही घालत पण नको. पावडरमध्ये पाठीवर पडलं तर मऊ लागतं हे खरं, फक्त खाली काय आहे ते दिसत नाही, दगड असेल, झाडाचं खोड असेल. आणि रोडिओ ५ स्विच उतरतो, खोल बर्फात स्विच उतरलं की टेल आत रुततात आणि तू तोंडावर. हाताने बांधलेल्या किकरचं टोक तिसऱ्या माणसापर्यंत खचतं, म्हणजे प्रत्येकाला वेगळा किकर. वर गोंडोलाचा (केबल कारचा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, तिथून कोणाला मान धरून खाली आणायचं म्हणजे काय ते विचार कर. गुलमर्गला स्की कर, कार्व्ह घट्ट कर, स्विच घोट, वाझवान खा. हवं तर दुबईला पण जा, स्की दुबईचा सगळ्यात मोठा रन ४०० मीटरचा आहे, विमानाने तीन तासांवर, तुझ्या स्विचला आणि टोकावर न फिरण्याच्या सवयीला पुरेल.


गुडघा_डोंबिवली

फिजिओ आहे, मधेच बोलते. स्कीइंगमध्ये एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) तुटायला आपटावं लागत नाही. मागे झुकून उतरलं, पाय ताठ, वजन टाचेवर, की बुटाची मागची बाजू पोटरीला ढकलते आणि नडगीचं हाड पुढे सरकतं. दुसरी तऱ्हा म्हणजे मागे पडता पडता उठायचा प्रयत्न करताना खालच्या स्कीची टेल आत वळते आणि गुडघा पिळला जातो. तिरक्या स्पिनमधून कमी फिरून उतरलं की नेमकं हेच होतं. त्यामुळे पडतोयस हे कळलं तर पड, हात पुढे ठेव, गुडघे जवळ ठेव आणि थांबेपर्यंत उठायला जाऊ नकोस.

मार्चपर्यंत हॅमस्ट्रिंग आणि एका पायावर उतरणं ह्यावर काम कर. जिमचा बॉक्स घे, आधी बुटका, त्यावरून उतरून एका पायावर थांबायचं, गुडघा आत न जाता. मग तेच अर्धं वळून. आरशासमोर कर, नाहीतर गुडघा आत जातो आणि आपल्याला वाटतं सरळ आहे. मानेचे व्यायाम पण, सगळे विसरतात. लोकलमध्ये उभं राहून बॅलन्स होतो असं कोणी सांगेल, तो पायाचा अपमान आहे, जिममध्येच कर.

बाइंडिंगची (बूट स्कीला धरणारा खटका) डिन सेटिंग, म्हणजे किती जोराला बूट सुटेल ते, दुकानात वजन, उंची, वय, बुटाच्या सोलची लांबी सांगून करून घे, मित्राने स्क्रूड्रायव्हरने केलेली चालणार नाही. हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की बाहेरून धड दिसलं तरी बदल. डोकं आपटून गरगरलं, उलटीसारखं वाटलं, प्रश्नाला उशिरा उत्तर आलं की त्या दिवसाचं स्कीइंग बंद, भले शेवटचा दिवस असेल. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सच्या पॉलिसीत विंटर स्पोर्ट्स लिहिलंय म्हणून खुश होऊ नकोस, फ्रीस्टाइल आणि टेरेन पार्क वगळलंय का ती ओळ शोध. माझ्या एका पेशंटला ती ओळ ऑपरेशननंतर सापडली.


दादर_बॅकफ्लिप

बरं, तो मान टाकतो आणि वर चेनचा पण पुरावा आला, मग कॉर्क आधी. हरलो असं नाही, रोडिओ नंतर स्विचमधून घे, तेव्हा भेटू.


लालबाग_ते_लिफ्ट

ठरलं मग. गुलमर्गला किकर नाही, बेल्टवाला क्लास शोधायला लागलो, एक प्रभादेवीला सापडलाय, ते म्हणाले मोठ्या माणसांची बॅच सकाळी सहाला. पॉलिसीची ओळ पण शोधली, वगळलंय, दुसरी बघतोय.

शेवटचा प्रश्न, सर आणि ताई दोघांना. स्कीवर मी डावीकडे फिरतो पण मल्लखांबावर सगळं उजवीकडून करायचो, आत्ता सोफ्यासमोर कोलांटी न मारता नुसता वळसा घेऊन बघितला तर अंग उजवीकडे जातं. ट्रॅम्पोलिनवर कुठली बाजू घोटू?


पार्कातला_खांब

ज्या बाजूने शेवटी मारायचंय ती. जुनी बाजू आठवडाभर मधे मधे येईल, येऊ दे.


किकरवाली_ठाणे

डावी. तुझा कार्व्ह, तुझा ग्रॅब, तुझं लँडिंग बघणं सगळं डाव्याचं बसलंय. पण पहिल्या दिवशी दोन्हीकडून थोडं थोडं करून व्हिडिओ काढ, उजवीकडे टोकावर न फिरता वर जातोस असं दिसलं तर परत इथे येऊन सांग, मग विचार करू.